दंतशुभ्रीकरण

दातांवरचे किंवा दातांच्या आतले डाग कमी करून त्यांचा रंग उजळ करण्याचा उपचार. दवाखान्यात याला ‘ब्लीचिंग’ म्हणतात. दंतवैद्याने तोंड तपासून योग्य तीव्रतेचे औषध वापरले, तर निरोगी प्रौढांसाठी हा उपचार सामान्यतः सुरक्षित असतो. अपाय होतो तो बहुधा तीन कारणांनी : डाग कशाचा आहे हे न पाहता उपचार करणे, घरी आंबट किंवा खरखरीत पदार्थ घासणे आणि अप्रशिक्षित माणसाच्या हाती दात देणे.

दाताचा मूळ रंग : दाताचे बाहेरचे कवच (एनॅमल) अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचे दंतिन पिवळसर असते. वयाबरोबर कवच झिजते व पिवळेपणा अधिक दिसू लागतो. त्यामुळे किंचित पिवळे दात पूर्ण निरोगी असू शकतात आणि पांढऱ्याशुभ्र दातांतही कीड असू शकते.

डागांचे प्रकार : चहा, पान, तंबाखू, सिगारेट यांचे डाग वरवरचे असतात. ते स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात दात साफ करून घेतल्याने निघतात. त्यांना ब्लीचिंग बहुधा लागत नाही. आतले डाग वेगळे. दात घडण्याच्या वयात टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक घेतल्याने, मार लागून दात मेल्याने किंवा पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे ते पडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरी व बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांत साठलेले पावसाचे पाणी मिळते व त्यात फ्लोराइड कमी असते. म्हणून गिरगावातील फणसवाडीत लहानाचे मोठे झालेल्या माणसाच्या दातांवर तपकिरी डाग दिसला, तर आधी संशय चहा-पान-तंबाखूचा घ्यावा, पाण्याचा नव्हे.

मशेरी व घरगुती उपाय : राखुंडी, कोळशाची पूड, मीठ यांनी दात घासण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. खरखरीत पूड वरचा डाग खरवडते, म्हणून दात उजळ वाटतात. पण रोज जोराने घासल्यास कवच झिजते, हिरड्या मागे सरकतात आणि पिवळे दंतिन उघडे पडते. कोळशाच्या मंजनांची सुरक्षितता व उपयुक्तता सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१७ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील आढाव्यात निघाला. लिंबाचा रस त्याहून घातक आहे. दाताचे खनिज साधारण ५.५ पेक्षा कमी पीएचला विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो.

मशेरी हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व बोटाने दात-हिरड्यांवर चोळतात. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने सुरू झालेली ही सवय निकोटिनमुळे सुटत नाही. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. मशेरी मात्र घरीच भाजली जाते. मशेरी, गुटखा किंवा तंबाखू घेणाऱ्याने दात पांढरे करण्याआधी तोंडाची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे ही कर्करोगाची संभाव्य लक्षणे दिसल्यास ब्लीचिंग बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत आहे.

उपचाराची पद्धत : हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बमाइड पेरॉक्साइड दातात झिरपून रंगद्रव्याचे रेणू तोडते. १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. रात्री वापरायच्या ट्रेची पद्धत हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. दंतवैद्य दातांचे माप घेऊन पातळ ट्रे बनवतो. प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढे पेरॉक्साइडचे जेल पुरते. जेल हिरडीवर ओघळले तर पुसून काढावे. दवाखान्यातील जेलची तीव्रता ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत असते, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावावा लागतो. जेलवर दिव्याचा प्रकाश टाकल्याने परिणाम अधिक टिकतो असे दिसत नाही. दिव्याच्या उष्णतेने मात्र दाताच्या नसेला त्रास होऊ शकतो.

दुष्परिणाम व मर्यादा : दात शिवशिवणे आणि हिरडी चुरचुरणे हे नेहमीचे त्रास असून उपचार थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत जातात. अशा वेळी दोन बैठकांतले अंतर वाढवतात व पोटॅशियम नायट्रेटयुक्त पेस्ट देतात. कॅप (क्राउन) व सिमेंट यांचा रंग बदलत नाही. ब्लीचिंगनंतर दाताच्या रंगाचे सिमेंट भरायचे असल्यास सुमारे दोन आठवडे थांबतात, कारण लगेच भरल्यास ते नीट धरत नाही. कीड, हिरड्यांचा आजार किंवा तडा असल्यास त्यावर आधी उपचार हवा. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ब्लीचिंग पुढे ढकलावे. अठरा वर्षांखालील मुलांना केवळ सौंदर्यासाठी ते करू नये.

कायदा व सोय : युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतचे हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दंतशुभ्रीकरणाची उत्पादने फक्त दंतवैद्यालाच विकता येतात. भारतात दंतव्यवसायासाठी नोंदणी लागते. राज्यातील नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषद ठेवते. ब्यूटी पार्लरमधील किंवा प्रदर्शनातील स्टॉलवर दात ब्लीच करून घेऊ नयेत. फणसवाडी परिसरातील रहिवाशांना मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय (स्थापना १९३३) आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय या दोन सार्वजनिक संस्था जवळ आहेत. तेथे आधी तपासणी आणि स्केलिंग करून घ्यावे. त्यानंतर दातांचा रंग पाहून ब्लीचिंग खरोखर हवे आहे का, ते ठरवावे.