दुसऱ्या दानाची किंमत

डिसेंबर २०२१ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे ‘स्ट्रिक्सहेवन: अ करिक्युलम ऑफ केऑस’ हे पुस्तक आले. जादूच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पात्रांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात नवे मंत्र अवघे पाच. त्यांतला ‘सिल्व्हरी बार्ब्स’ हा पहिल्या, म्हणजे सगळ्यांत स्वस्त पातळीचा. साठ फुटांच्या आत कोणाचा फासा यशस्वी पडला, की तुम्ही काही शब्द पुटपुटायचे. त्याला तो फासा पुन्हा टाकावा लागतो आणि दोन्हींतले कमी दान त्याच्या पदरी पडते. वर तुमच्या एखाद्या सोबत्याला, किंवा तुम्हालाच, पुढच्या एका फेकीसाठी दोन फासे टाकून जास्तीचे दान घेण्याचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. मंत्र एवढाच. पण कित्येक डंजन मास्टरांनी तो आपल्या टेबलावर सरसकट बंद केला, आणि कित्येक खेळाडूंना त्यात गैर काय तेच उमगेना. दोन्हीकडची माणसे जाणती आहेत. जाणत्यांचे भांडण इतके टिकते तेव्हा बहुधा दोघांच्या हातातली मापेच वेगळी असतात. मापे तपासायचा हा उद्योग ज्यांना करून पाहायचा आहे, त्यांचे इथे स्वागत.

ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एक जण डंजन मास्टर होऊन जग चालवतो, बाकीचे त्या जगातले एकेक पात्र सांभाळतात. आजच्या नियमांत एखाद्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. दानात पात्राचे कौशल्य मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठला का ते पाहायचे. आपल्यावर आलेली जादू झटकून टाकण्यासाठी जो फासा टाकतात तो सेव्हिंग थ्रो. मंत्र म्हणायला स्लॉट खर्ची पडतात, आणि ते दिवसाला मोजकेच असतात. दुसऱ्याच्या पाळीत मध्येच काही करायचे तर रिअ‍ॅक्शन वापरावी लागते, तीही फेरीत एकदाच. पुढचे समजायला एवढे पुरे.

पडलेले दान परत घेण्याची मुभा काही २०२१ साली उगवली नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दैवाची उपासना करणाऱ्या पुरोहिताला दिवसातून एकदा स्वतःचा फासा पुन्हा टाकता येई. दुसरे दान पहिल्यापेक्षा वाईट आले तरी ते मुकाट्याने घ्यावे लागे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीतल्या एल्फ पात्राचीही अट तीच. ‘ब्लड बोल’ या फुटबॉलच्या खेळात संघाला ठरावीक रीरोल मिळतात, पण एकदा पुन्हा टाकलेला फासा तिसऱ्यांदा उचलता येत नाही. या जुन्या नियमांतून एक सावधपणा दिसतो. रचनाकारांना ठाऊक होते, की पडलेले दान परत घेणे रडीच्या डावाच्या फार जवळ जाते, म्हणून प्रत्येक सवलतीच्या शेपटीला एखादी अट बांधलेली असे. (महाभारतातल्या द्यूताकडे वळण्याचा मोह इथे आवरतो. तिथली तक्रार कपटाची होती. इथे फासे प्रामाणिक आहेत आणि तरीही तक्रार आहे.)

आता मुद्द्याचे गणित. शत्रू वाचण्याची शक्यता ०.४ आहे असे समजू. त्याने दोन फासे टाकून कमी दान घ्यायचे ठरले, तर दोन्ही वेळा वाचला तरच तो वाचणार: ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६. ही दोन फाशांची सक्ती फेकीच्या आधी करा वा नंतर, शेवटची शक्यता तीच येते. नवखा अभ्यासक इथे थांबतो आणि दोन्ही सारखेच म्हणून मोकळा होतो.

पण खर्च सारखा नाही. २०१४ च्या नियमांत सॉर्सरर या जादूगाराला ‘हाइटन्ड स्पेल’ नावाची सोय आहे. मंत्र टाकतानाच तीन सॉर्सरी पॉइंट मोजायचे, म्हणजे समोरच्याला पहिल्या सेव्हिंग थ्रोसाठी दोन फासे टाकून कमी दान घ्यावे लागते. शत्रू पहिल्याच दानात गारद होणार होता का, हे कळायच्या आत पैसे गेलेले असतात. अशा दहा प्रसंगांत तीस पॉइंट जातात. सिल्व्हरी बार्ब्स मात्र शत्रू वाचला तरच म्हणायचा, म्हणजे दहात सरासरी चार वेळा. पहिल्या पातळीचा एक स्लॉट बनवायला त्याच सॉर्सररला दोन पॉइंट लागतात, तेव्हा चार वेळांचे आठ. निकाल तोच, खर्च तीसऐवजी आठ, आणि वर सोबत्याला अ‍ॅडव्हान्टेज फुकट. या क्षेत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते: पुन्हा टाकलेल्या फाशाचे वजन फासे किती यावर कमी आणि निकाल पाहून निर्णय घेता येतो का यावर जास्त ठरते. निकाल आधी पाहायला मिळणे ही स्वतंत्र मालमत्ता आहे. तिची किंमत मंत्राच्या वर्णनात कुठे लिहिलेली नसते.

त्याच गणिताची दुसरी बाजू पुष्कळदा राहून जाते. शत्रू वाचलेला आहे हे कळल्यानंतर मंत्र फळण्याची शक्यता म्हणजे तो दुसऱ्यांदा न वाचण्याची शक्यता. ज्याची वाचण्याची आशा ०.३ होती आणि जो नशिबाने निसटला, त्याच्यावर मंत्र ७० टक्के वेळा लागू पडतो. ज्याची ०.९ होती त्याच्यावर फक्त १० टक्के. म्हणजे हा मंत्र बलाढ्य राक्षसाला लोळवतो ही भीती बरीचशी उलटी आहे. तो खरा भारी पडतो दुबळ्याच्या नशिबावर. एक गंमत जाता जाता. पहिला फासा यशस्वी असल्याशिवाय हा मंत्र म्हणताच येत नाही, त्यामुळे ‘दोन्हींतले कमी घ्या’ म्हटले काय आणि ‘दुसरे घ्या’ म्हटले काय, यश-अपयशाच्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त हल्ल्याच्या फेकीत दुसऱ्यांदा नेमके वीस पडून घाव घातक झाला तर.

शक्यता झाली, आता पणाला काय लागले आहे ते पाहू. इथे बहुतेक वाद फसतात, कारण प्रत्येक जण आपल्या आठवणीतला एकच प्रसंग पुढे करतो. २०१४ च्या पुस्तकातला साधा ऑर्क घ्या. त्याच्या फेकीत पाचाची भर असते आणि कुऱ्हाडीचा घाव सरासरी साडेनऊ. चिलखताचा आकडा पंधरा असलेल्या सोबत्यावर त्याचा घाव ०.५५ वेळा बसतो. बसल्यावर तो फासा पुन्हा टाकायला लावला तर ०.४५ वेळा चुकतो. वाचलेली इजा सरासरी सव्वाचार. त्याच पुस्तकातल्या, सिल्व्हरी बार्ब्सच्याच पातळीच्या ‘क्युअर वून्ड्स’ने नवख्या पुरोहिताच्या हातूनही सरासरी साडेसात भरून येतात, जरी त्यासाठी पाळी खर्ची पडते. आता ‘फायरबॉल’. सरासरी इजा अठ्ठावीस, वाचणाऱ्याला निम्मी. वाचण्याची शक्यता अर्धी असेल तर एका वाचलेल्यावर फासा फिरवून सरासरी सातच जास्तीचे मिळतात. ‘मॅजिक मिसाइल’ त्याच किमतीत साडेदहा देतो, आणि तेही फासा न चुकता. या दोन उदाहरणांवर न्याय करायचा तर मंत्र बेताचाच.

मग ‘होल्ड मॉन्स्टर’ पाहा. नवव्या स्तरावरच्या विझर्ड या जादूगाराकडे पाचव्या पातळीचा स्लॉट एकच असतो. तो खर्चून राक्षसाला जागच्या जागी खिळवायला जावे आणि त्याने सेव्हिंग थ्रो जिंकावा, तर दिवसातला सगळ्यांत मोठा डाव हवेत विरला. तिथे पहिल्या पातळीच्या एका स्लॉटने तो डाव जवळपास पुन्हा खेळता येतो, दुसरी पाळी न घालवता. किंमत पहिल्या पातळीची, काम पाचव्या पातळीचे. पुढे आठव्या-नवव्या पातळीचे मंत्र हाती आले की काम आणखी वाढते, किंमत तीच राहते. इतर मंत्र आपापली ताकद अंगी घेऊन जन्माला येतात. हा मात्र ज्याला शिवेल त्याची ताकद उसनी घेतो. म्हणून अशा मंत्राची सरासरी काढून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला मी अर्धेच गुण देईन. सरासरी खरोखरच ठीक आहे. दुखते ते टोकाला.

अर्थात उलट बाजूचा हिशेबही मांडायला हवा. रिअ‍ॅक्शन एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवून ‘शील्ड’, ‘अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स’, ‘काउंटरस्पेल’ असे तालेवार मंत्र बसलेले असतात. स्वतःवर तीन-चार वार येणार असतील तर चिलखताचा आकडा पुढच्या पाळीपर्यंत पाचाने वाढवणारा शील्ड सरळ सरस ठरतो. मात्र शत्रूला वीस पडले, की शील्ड निकामी होतो आणि सिल्व्हरी बार्ब्स शंभरात पंच्याण्णव वेळा तो घातक घाव पुसतो. कागदावर तुलना करताना हा पर्यायांचा खर्च धरला नाही, तर कुठलाही मंत्र राक्षसी दिसतो.

अनेक जादूगार एकत्र आले की काय होते, हेही पाहायला हवे. तिघांकडे हा मंत्र असेल तर ०.८ शक्यतेने वाचणारा शत्रू ०.६४, मग ०.५१, मग ०.४१ असा घसरत जातो. ‘पाथफाइंडर’ या याच जातीच्या दुसऱ्या खेळाने या रोगावर दोन निरनिराळ्या वेळी दोन औषधे काढली. पहिल्या आवृत्तीतल्या विचची ‘मिसफॉर्च्युन’ ही करणी एका प्राण्यावर दिवसातून एकदाच चालते. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने थेट व्याकरणच बदलले: नशीब फिरवणाऱ्या सगळ्या गोष्टींवर शुभ किंवा अशुभ असा शिक्का मारला, एका फेकीवर एकाच जातीचा एकच परिणाम चालेल असे ठरवले, आणि शुभ-अशुभ समोरासमोर आले तर दोन्ही रद्द. मला हे दुसरे औषध जास्त पटते, कारण पुढे कोणी कितीही नवे मंत्र लिहिले तरी त्या नियमाला हात लावावा लागत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नव्या नियमांत अशीच एक वाट दिसते. मूळ पुस्तकात सिल्व्हरी बार्ब्स आला नाही, पण एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्च करता येईल असा नियम आला. त्यामुळे स्वतःच्या पाळीत स्लॉट खर्चून होल्ड मॉन्स्टर टाकायचा आणि त्याच पाळीत स्वतःच त्याची पाठराखण करायची, ही जोडी तुटली. पाठराखणीला आता दुसरा जादूगार लागतो. मंत्राच्या एका अक्षराला न शिवता केलेली ही दुरुस्ती अभ्यासण्यासारखी आहे. त्याच पुस्तकात ‘लकी’ या देणगीचा रीरोल जाऊन फासा टाकण्याच्या वेळचा अ‍ॅडव्हान्टेज आला, म्हणजे दान पाहून निर्णय घ्यायची मुभा काढून घेतली. आणि ‘इन्स्पिरेशन’ या बक्षिसाचे नेमके उलटे झाले: २०१४ मध्ये आधी जाहीर करावा लागणारा अ‍ॅडव्हान्टेज होता, तिथे आता फासा पडल्यानंतरचा रीरोल आहे. एकाच हाताने एक दार लावले, दुसरे उघडले. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. इन्स्पिरेशन एका वेळी एकच बाळगता येते, आणि दुसरे दान वाईट असले तरी घ्यावेच लागते. शेपटीची जुनी अट तिथे शाबूत आहे.

एवढे करूनही काही उरतेच. बड्या राक्षसांना ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’ असते. सेव्हिंग थ्रो हरला तरी दिवसातून बहुधा तीनदा तो जिंकल्याचे जाहीर करता येते. पुन्हा टाकायला लावलेला फासा ही शिल्लक लवकर झिजवतो, आणि ते नुकसान इजेच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. मग वेळेचा प्रश्न. दर यशस्वी फेकीनंतर क्षणभर थांबून कोणी हात वर करतो का पाहायचे, तर निकाल लागला असे म्हणायचे केव्हा? टेबलावरच्या पाच जणांत एक जण सारखा ‘थांबा’ म्हणणारा असला, की खेळाची लय जाते. ज्या डंजन मास्टरांनी मंत्र बंद केला, त्यांतल्या अनेकांची खरी तक्रार हीच असावी अशी माझी अटकळ आहे. शक्यतेचे कारण त्यांनी नंतर जोडले असावे.

या अभ्यासाला अपूर्णांकांच्या पलीकडचे गणित लागत नाही. लागते ती नोंदवही. मंत्र वापरला तेव्हा शत्रूला किती दान हवे होते, पणाला काय लागले होते, रिअ‍ॅक्शन नंतर कशासाठी कमी पडली, आणि सोबत्याला दिलेला अ‍ॅडव्हान्टेज कामी आला की तसाच वाया गेला. शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, कारण वादात तो जवळजवळ कोणीच मांडत नाही. आणखी एक प्रश्न नव्यांसाठी मुद्दाम मोकळा ठेवतो. पुष्कळ डंजन मास्टर पडद्याआड फासे टाकतात. मंत्र यशानंतरच म्हणता येत असल्यामुळे त्यांना यश आधी उघड करावे लागते. पण यश उघड करायचे की दानाचा आकडाही? आकडा सांगितला तर खेळाडू काठावरचे यश आणि सणसणीत यश वेगळे ओळखतो, आणि शत्रूचे कौशल्यही अदमासाने काढतो. दुसरा फासा फळण्याची शक्यता पहिल्या दानावर अवलंबून नसते. पण वाचायला किती दान हवे होते याचा अंदाज मात्र त्यावर अवलंबून असतो. या एका माहितीने मंत्र किती वाढतो, हे कागदावर मांडून पाहता येईल.