परसबागेतील गोचीड: नेदरलँड्समधील मराठी घरांसाठी

मार्च संपत आला की उइटहॉर्नमध्ये आम्स्टेलच्या काठी ऊन रेंगाळू लागते आणि घरामागच्या बागांची दारे उघडतात. जुलै २०२४ मध्ये २५ क्रमांकाची ट्राम येथवर पोहोचली व आम्स्टेलफेन अधिकच जवळ आले. सदनिकेतून बाग असलेल्या घरात येणाऱ्या भारतीय कुटुंबाला मात्र त्या हिरवळीबरोबर एक बिनभाड्याचा रहिवासीही मिळतो. डच भाषेत त्याला ‘टेक’ म्हणतात. आपण गोचीड म्हणतो.

आपल्या आठवणीतली गोचीड गोठ्यातली, बैलाच्या मानेखालची किंवा कुत्र्याच्या कानातली. ती माणसाला आजारी पाडते ही जाणीव आपल्याकडे सर्वत्र नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी तालुक्याला ती आहे: माकडतापाने तेथील काजूबागांत काम करणाऱ्यांचे बळी घेतले आहेत आणि तो विषाणू गोचिडीमार्फतच पसरतो. त्याच कुळातील, मेंदूला सूज आणणारा एक विषाणू २०१६ मध्ये नेदरलँड्समध्येही आढळला. येथे तो दुर्मीळ आहे. खरी चिंता लाइम या जिवाणूजन्य आजाराची. देशाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या, म्हणजे आरआयव्हीएमच्या, अंदाजानुसार वर्षाला सुमारे १५ लाख गोचीडदंश होतात आणि सुमारे २७,००० जणांना लाइम होतो. यांपैकी जवळपास एक तृतीयांश दंश रानात नव्हे, तर बागेत होतात.

गोचीड उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडतही नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी ती पुढचे पाय पसरून बसते आणि जवळून जाणाऱ्याला पकडते. माणसाला बहुधा तिची मधली अवस्था चावते. ही खसखशीच्या दाण्याएवढी असते, म्हणून लक्षातच येत नाही. तिला दमट हवा लागते. कोरड्या, उन्हातल्या जागी ती सुकून मरते. बागेची सारी उपाययोजना या एका दुर्बलतेवर आधारलेली आहे. हिरवळ आखूड ठेवावी. कुंपणाच्या झुडपांखालचा पालापाचोळा मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर न्यावा. झोपाळा व वाळूचा हौद उन्हात मांडावा. झुडपे आणि हिरवळ यांच्यामध्ये लाकडी ढलप्यांचा सुमारे एक मीटरचा कोरडा पट्टा ठेवावा. घाबरून सगळी बाग फरशीने झाकणे हा उपाय मला पटत नाही. पावसाचे पाणी मुरायला जागा हवी म्हणून या देशात नागरिक आता उलट फरशा उखडत आहेत. कीटकनाशकाची सरसकट फवारणी तर मधमाश्यांना आणि शेजारच्या कालव्याला अधिक भोवते.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर प्रश्न वाढतो, कारण केसांत अडकलेली गोचीड सोफ्यावर उतरते आणि माणूस शोधते. कुत्र्यांसाठी चघळायच्या गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी पट्टे मिळतात. गोळीचे औषध रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते. तेव्हा अंगावर एखादी दिसली म्हणून औषध फसले असे समजू नये. कुत्र्याला अपस्माराचे झटके येत असतील तर गोळी निवडण्यापूर्वी पशुवैद्यांना ते सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे थेंब मांजरीला प्राणघातक ठरतात, तिने नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला चाटले तरीही. थेंब लावल्यावर काही दिवस कुत्र्याला पाण्यात सोडू नये. फिप्रोनिल हे नाव २०१७ च्या अंडी प्रकरणामुळे येथे घरोघरी पोहोचले. ते जलकीटकांनाही मारते.

भारतातून कुत्रा आणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपच्या प्रवेशनियमांत मायक्रोचिप, रेबीजची लस व रक्तचाचणी सक्तीची आहे. गोचीडनाशकाची सक्ती नाही. येथील गोचीड घरातल्या कोरड्या हवेत फार टिकत नाही. भारतीय कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड मात्र उबदार घरात भिंतींच्या फटींतून पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकते. म्हणून उपचार निघण्यापूर्वीच करावेत.

बागेतून आल्यावर अंग तपासावे: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, नाभीत, मुलांच्या कानांमागे आणि केसांच्या कडेला. गेल्या वर्षी कुंपण छाटल्यावर माझ्या पोटरीवर एक सापडली आणि हात सवयीने खोबरेल तेलाकडे गेला. ते चूक आहे. तेल, स्पिरिट किंवा पेटती काडी यांनी डिवचलेली गोचीड पोटातला जंतुयुक्त द्राव जखमेत सोडण्याची भीती असते. टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, मग जखम निर्जंतुक करावी. तोंडाचा काळा ठिपका आत राहिला तर काटा निघतो तसा तो निघून जातो. दंशाची तारीख लिहून ठेवावी आणि त्या जागेवर तीन महिने लक्ष ठेवावे.

लक्ष कशावर ठेवायचे, येथेच आपली अडचण सुरू होते. पत्रकांतल्या छायाचित्रांत बहुधा गोऱ्या त्वचेवरचे ठसठशीत लाल वर्तुळ असते. सावळ्या त्वचेवर तोच डाग जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. कडे तर कित्येकदा नसतेच. रंगापेक्षा वाढ पाहावी. पहिल्या एक-दोन दिवसांतली छोटी लाली ही दंशाची साधी प्रतिक्रिया असते. पण दिवसागणिक पसरत पाच सेंटिमीटरच्या पुढे जाणारा डाग हे लाइमचे लक्षण समजावे. तो बहुधा दुखत नाही, फारसा खाजतही नाही. या टप्प्यावर रक्तचाचणी अनेकदा निर्दोष येते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. निदान डोळ्यांनी होते, आणि सावळ्या त्वचेवर ते हुकले तर पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा गुडघा सुजणे येथपर्यंत मजल जाऊ शकते. वेळीच कळले तर डॉक्सीसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

म्हणून शेजारी नाणे ठेवून, दिवसाच्या उजेडात, दोन-तीन दिवसांच्या अंतराने डागाची छायाचित्रे काढावीत. हाउसआर्ट्सकडे जाताना ती, दंशाची तारीख आणि ‘हा माझ्या त्वचेचा नेहमीचा रंग नाही’ हे स्पष्ट वाक्य सोबत न्यावे. डाग न उमटता ताप, अंगदुखी वा सांधेदुखी सुरू झाली, तरी दंशाचा उल्लेख आपणहून करावा.