जमिनीवरून टेबलावर

आपल्या सोसायटीच्या आगगाडीच्या खोलीत पाहुणे आले की आधी गाडी बघतात. मी त्यांना खाली वाकून टेबल बघायला लावतो. या छंदाचा निम्मा इतिहास तिथं, टेबलाखालीच आहे!

जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसकट खेळण्यातली रेल्वे मांडली. त्या गाड्या चांगल्या थोराड, जमिनीवरच धावायच्या. पानं मांडायची वेळ झाली की रूळ उचला! पुढे 1922 मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीनं रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटरवर आणलं आणि गाडी टेबलावर आली. आपले रूळ त्याच मापाचे. गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. (खरं तर आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबानं अंतर 19 मिलिमीटर हवं. म्हणजे आपलं भारतीय इंजिन तिथं जरा अंग चोरूनच उभं आहे.) पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना या छंदाचं वेड वेगळं सांगायला नको.

गाडी टेबलावर आली, पण टेबल कसं असावं? नुसता प्लाय ठोकला तर घाट, दरी काही करता येत नाही. अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी 1960 च्या दशकात एक पद्धत रूढ केली. उभ्या फळीच्या वरच्या काठाला आडवी पट्टी चिकटवायची, की झाली उलट्या एल आकाराची तुळई. तिच्यावर आडव्या रिपा, आणि स्क्रू सगळे खालून. वर डोंगर झाला तरी रीप सरकवता येते, काढताही येते.

आम्ही हीच पद्धत घेतली, त्याला कारण सर्वसाधारण सभा. "सामायिक खोली अडवता कशी?" हा प्रश्न रास्तच होता. शेवटी ठराव झाला : सांगितल्यावर एका दिवसात खोली मोकळी करायची. आपले सुतारकाका तेव्हा म्हणाले, "मग खिळा एकही नको." खरोखरच एकही नाही.

आता पुनर्विकासाच्या नकाशात ही खोली दिसत नाही. टेबलाचे चार भाग होतात, जिन्याच्या वळणातून निघतात. मी मोजून ठेवलंय. नव्या इमारतीत 12 बाय 8 फुटांची जागा कुठं, ते मात्र येत्या सभेत ठरायचं आहे.