गॅरेज डोअरचा मेंटेनन्स: महिन्याला १० मिनिटांत काय तपासायचं?

संध्याकाळी साडेसहाला दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे डॅलसमध्ये सकाळचे आठ वाजले होते आणि ऑफिसला निघायची घाई होती. "अरे, तू सॉफ्टवेअरवाला ना, जरा बघ. ॲपमध्ये 'ओपनिंग' दाखवतंय, पण दार अर्धा फूट वर जातं आणि अडकतं." फोन रीस्टार्ट करून झाला होता, राउटर बंद-चालू करून झाला होता, ॲपसुद्धा पुन्हा इन्स्टॉल केलं होतं. मी म्हटलं, "दादा, कॅमेरा दाराच्या वर धर." वर लोखंडी दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग होती आणि तिच्या मधोमध दोन बोटं जातील एवढी फट. स्प्रिंग तुटली होती. आदल्या रात्री गॅरेजमधून धाडकन आवाज आला होता, पण काहीतरी पडलं असेल म्हणून कुणी उठून पाहिलं नव्हतं.

ॲपची काहीच चूक नव्हती. ॲपला मोटर दिसते, स्प्रिंग दिसत नाही. ती आपल्यालाच बघावी लागते.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की गाडी दुरुस्त करायची जागा. अमेरिकेत मात्र घराला लागून असलेली गाडीची खोली म्हणजे गॅरेज. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी घर घेतलं, भाड्याने घेतलं, की हे दार रोज वापरात येतं. बऱ्याच घरांत तर ये-जा मुख्य दरवाजापेक्षा इथूनच जास्त होते.

दार उचलतं कोण?

बहुतेकांना वाटतं की छताला लावलेली मोटर दार उचलते. प्रत्यक्षात वजन पेलते ती स्प्रिंग. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. त्याचं वजन सहज ७० किलोच्या वर जातं. दार खाली येताना दारावरची टॉर्शन स्प्रिंग पिळली जाते आणि ताकद साठवते. वर जाताना तीच ताकद परत मिळते, त्यामुळे मोटरला थोडाच जोर लावावा लागतो. म्हणून तर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरसुद्धा एवढं मोठं दार आरामात हलवते.

साधी स्प्रिंग साधारण १०,००० सायकलसाठी बनवलेली असते. एकदा उघडणं आणि बंद करणं म्हणजे एक सायकल. दिवसाला ४ सायकल धरल्या तर २,५०० दिवस, म्हणजे सात वर्षांपेक्षा थोडं कमी. घर दहा वर्षं जुनं असेल आणि स्प्रिंग कधीच बदलली नसेल, तर हा हिशोब आजच करून बघा.

दर महिन्याच्या ४ टेस्ट

आधी लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना गॅरेजच्या बाहेर पाठवा. मग याच क्रमाने करा.

१. बघा आणि ऐका. दार बंद ठेवून आतून नीट पाहा. स्प्रिंगमध्ये फट आहे का? दोन्ही बाजूंच्या वायर रोपचे तार सुटलेत का? रोलर झिजलेत का? मग एकदा दार चालवा. घासल्याचा आवाज, हिसका, किंवा एक बाजू खाली आणि एक वर असं दिसलं तर नोंद करा. फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. पुढच्या महिन्यात तुलना करता येते आणि मेकॅनिकला दाखवताही येतो.

२. बॅलन्स टेस्ट. दार पूर्ण बंद करा आणि मोटरजवळ लोंबणारी लाल दोरी ओढा. आता दार मोटरपासून सुटलं. हाताने अर्ध्यापर्यंत उचला आणि हात सैल करा, पण पूर्ण काढू नका. दार तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरलं किंवा वर पळालं, तर बॅलन्स बिघडलाय. उचलतानाच फार जड वाटलं तर तिथेच थांबा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाल दोरी फक्त दार बंद असतानाच ओढायची. दार वर असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताक्षणी सगळं वजन धाडकन खाली येतं.

३. फोटो-आय टेस्ट. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून जास्तीत जास्त ६ इंचांवर, दोन छोटे सेन्सर असतात. एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा पकडतो. मोटर पुन्हा जोडा, दार बंद करायला लावा आणि ते खाली येत असताना लांबून झाडूचा दांडा किरणासमोर धरा. दार थांबून लगेच वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर सेन्सरची काच मऊ कापडाने पुसा, दोन्ही सेन्सर एकमेकांसमोर नीट आहेत का पाहा आणि पुन्हा टेस्ट करा.

४. रिव्हर्स टेस्ट. उंबऱ्यावर, दाराच्या मध्यभागी, दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा. दार तिला टेकताच उलट वर गेलं पाहिजे. फळी दाबून तसंच बसलं, तर मोटरचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे दुरुस्त करा. तरीही जमलं नाही तर दुरुस्ती होईपर्यंत मोटर वापरू नका.

शेवटच्या दोन टेस्ट दारापेक्षा माणसांसाठी जास्त आहेत. मोटरच्या दाराखाली सापडून लहान मुलांचे जीव गेल्यानंतर अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरमध्ये अशी सुरक्षा सक्तीची झाली. तुमच्या ओपनरला सेन्सर किंवा तसं दुसरं काहीच नसेल, तर तो बहुधा त्याआधीचा आहे. त्याची दुरुस्ती करत बसू नका, बदलून टाका.

दर सहा महिन्यांनी: तेल आणि स्क्रू

बिजागऱ्या, रोलरची बेअरिंग आणि स्प्रिंग यांवर सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारा. जास्तीचं पुसून घ्या. दोन्ही बाजूंच्या रुळांना मात्र तेल लावू नका, ते फक्त कोरड्या कापडाने पुसायचे. तेलावर धूळ बसली की चिकट थर होतो आणि रोलर अडकायला लागतात.

बिजागऱ्यांचे आणि रुळाच्या ब्रॅकेटचे सैल स्क्रू पान्याने आवळा. दाराखालचं रबर फाटलंय का तेही बघा. तिथूनच पाणी आणि उंदीर आत येतात.

काय स्वतः करायचं नाही?

स्प्रिंग, वायर रोप आणि दाराच्या तळाच्या कोपऱ्यातले वायर रोप अडकवलेले ब्रॅकेट, या तिन्हींना हात लावू नका. दार बंद असताना दाराचं सगळं वजन तोलेल एवढा ताण त्यांच्यात असतो. चुकीचा स्क्रू सैल केला तर हात मोडू शकतो, त्याहून वाईटही होऊ शकतं. व्हिडिओत दहा मिनिटांत होतं म्हणून आपल्यालाही जमेल असं नाही. इथे पैसे वाचवू नका. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला लेखी कळवा.

फोन आणि रिमोटचं काय?

हाही मेंटेनन्सचाच भाग आहे. जुन्या रिमोटमध्ये छोट्या स्विचने ठरवलेला एकच कोड असायचा. २०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने एका बंद पडलेल्या खेळण्यात बदल करून असे फिक्स कोडचे दरवाजे काही सेकंदांत उघडता येतात हे दाखवून दिलं. नंतर आलेल्या रोलिंग कोडमध्ये प्रत्येक वेळी नवा कोड जातो, त्यामुळे ती युक्ती तशीच्या तशी चालत नाही. रिमोट उघडल्यावर आत छोट्या स्विचची रांग दिसली, तर ओपनर बदलायचा विचार करा.

नव्या घरात गेल्यावर ओपनरच्या मेमरीतले सगळे जुने रिमोट मॅन्युअल बघून पुसा. ॲपमधून आधीच्या लोकांचे अकाउंट काढा, टू-फॅक्टर चालू करा आणि अपडेट टाळू नका.

लांबून ॲपने दार बंद करताना खाली कोण उभं आहे हे तुम्हाला दिसत नसतं. म्हणून दार हलण्याआधी काही सेकंद बीप वाजतो आणि लाइट लुकलुकतो. घरातल्या मुलांना आणि भारतातून राहायला आलेल्या आई-बाबांना या आवाजाचा अर्थ सांगून ठेवा: बीप वाजला की दारापासून लांब व्हायचं. लाल दोरीचा नियमही त्यांना समजावा. लाइट गेली आणि ते घरात एकटे असले तर दार हाताने कसं उघडायचं, हे त्यांना माहीत हवं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांनंतर कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. तुमच्याकडे बॅटरी असेल तर वर्षातून दोनदा ओपनरचा प्लग काढून दार चालतं का ते बघा.

आपल्याकडे याचा उपयोग?

आहे ना. बंगल्याच्या मोटराइज्ड स्लायडिंग गेटला फोटो सेन्सर असेल तर तो असाच तपासता येतो. मोटर सोडवायची चावी कुठे ठेवलीय हे घरात सगळ्यांना माहीत असायला हवं. हाताने ओढायच्या शटरमध्येही वर स्प्रिंग असते. शटर अचानक जड झालं तर दोघांनी मिळून ओढू नका, कारागीर बोलवा.

दादाने त्या दिवशी कॅब केली. संध्याकाळी मेकॅनिक आला आणि त्याने दोन्ही स्प्रिंग बदलल्या, कारण एक गेली की त्याच वयाची दुसरीही जायला आलेली असते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादाच्या फोनवर रिमाइंडर वाजतो. तुम्हीही आत्ताच तो लावून ठेवा: "गॅरेज, १० मिनिटं."