दुर्गावतीची सोयरीक आणि चौदा वर्षांचा कारभार

राणी दुर्गावती म्हटलं की आपण थेट नर्रईच्या लढाईवर आणि तिच्या कट्यारीवर येतो. मला तिच्या लग्नाबद्दल लिहायचंय. आमच्या बालाघाटातल्या बैहरच्या पठारावरही गढा-मंडल्याचंच राज्य होतं, तेव्हा हा विषय घरचाच.

दुर्गावती महोब्याच्या चंदेल घराण्यातली. नवरा दलपतशाह हा गढ्याचा गोंड राजा संग्रामशाह याचा मुलगा. राजपुतांच्या हिशेबात ही सोयरीक बरोबरीची नव्हती. मग जमली कशी?

अकबरनाम्यात अबुल फजल सांगतो की तिचे वडील सालबाहन अडचणीत आले होते. दलपत कुळाने कमी पण पैशाने भक्कम, म्हणून लेक दिली. स्लीमनने १८३७ साली गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास छापला, त्यात नेमकं उलटं आहे. जातीचं कारण सांगून बापाने नकार दिला, पण मुलीचं मन दलपतवर होतं. तो फौज घेऊन आला आणि जिंकून तिला सिंगोरगडला घेऊन गेला. अबुल फजलकडे आणखी एक कहाणी आहे: दलपत मुळात एका कछवाहा राजपुताचा मुलगा, संग्रामशाहने तो आपला म्हणून वाढवला!

तिन्ही कहाण्यांची खटपट एकच. चंदेलांची लेक गोंडाघरी गेली, त्याला काहीतरी कारण हवं. कुठे गरिबी, कुठे तलवार, कुठे नवऱ्याचं कूळच बदललेलं.

जर्मन राजघराण्यांत अशा विषम लग्नाला 'डाव्या हाताचं लग्न' म्हणत. बायको खालच्या कुळातली असली की तिच्या मुलांना गादी मिळत नसे. इथे कमी ठरवलेला होता नवरा, आणि गादीही त्याचीच. म्हणून १५५० च्या सुमारास दलपत वारला तेव्हा पाच वर्षांचा वीरनारायण राजा झाला आणि कारभार आईने हाती घेतला.

मदतीला अधार कायस्थ आणि मान ब्राह्मण होते. माळव्याच्या बाजबहादूरला तिने परतवून लावलं. अबुल फजलच्याच आकड्यांप्रमाणे वसलेल्या २३ हजार गावांपैकी १२ हजारांत तिचे शिकदार होते, बाकीची मांडलिकांकडे. जबलपूरचे राणीताल आणि अधारताल आजही राणी आणि तिच्या दिवाणाच्या नावाने ओळखले जातात.

पण सत्तेला मर्यादाही होत्या. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. पहिल्या चकमकीत सरशी झाल्यावर राणीने त्याच रात्री छापा घालू म्हटलं. सरदार तयार झाले नाहीत. सकाळी समोर तोफा होत्या. जखमी वीरनारायणला सुरक्षित जागी पाठवून ती सरमन हत्तीवरून लढत राहिली. बाण लागल्यावर तिने अधारला आपल्याला मारायला सांगितलं. त्याचा हात उठेना, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. मुलगाही पुढे चौरागडावर लढताना गेला.

गादी दलपतच्या भावाला, चंद्रशाहला मिळाली, तीही दहा गड अकबराला देऊन. त्याच्याच वंशातल्या हृदयशाहने १६६७ साली मंडल्याजवळ रामनगरला शिलालेख कोरवला. त्यातल्या वंशावळीत दुर्गावतीचं नाव गौरवाने घेतलेलं आहे. ती त्याची आजी-पणजी नव्हे. तिचा वंश तर चौरागडावरच संपला होता. तरी दिराच्या घराने शंभर वर्षांनंतर तिला आपली म्हणून दगडावर लिहिलं. सोयरीक बरोबरीची होती की नव्हती, याचं उत्तर मला तरी या दगडावर मिळतं.