गावकुसाबाहेरचा पहारा : बंदूक कुणाच्या हातात?

नांदेड-लातूरकडे अत्याचाराची बातमी आली की दोन दिवसांत आपल्या पोरांच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते. बंदुकीचं लायसन्स काढायचं का? बारा बोअर बरी की पिस्तूल? वस्तीत चांगली कुत्री पाळा, गल्लीच्या तोंडाला सीसीटीव्ही बसवा, घराला लोखंडी दार करा. आम्ही या चर्चेला हसणार नाही. ज्याचं घर गावाच्या टोकाला आहे आणि ज्याने बापाच्या तोंडून ‘अठ्ठ्याहत्तर’ ऐकलेलं आहे, त्याला स्वतःच्या रक्षणाचा विचार करण्याचा पूर्ण हक्क आहे. पण हा विचार बंदुकीच्या दुकानापासून सुरू केला तर फसतो. तो गावकुसापासून सुरू करावा लागतो.

मराठवाड्यातलं जुनं गाव डोळ्यांसमोर आणा. मधोमध पांढऱ्या मातीची गढी, तिला बुरूज. भोवती घरं, त्याभोवती गावकूस, कुसाला वेस. रात्री वेस बंद होई. महारवाडा आणि मांगवाडा वेशीबाहेर. आणि पहारा कुणाचा? वेसकर महाराचा. हातात काठी घेऊन शीव राखायची, चोराचा माग काढायचा, सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, हे सगळं त्याच्याकडे. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडलं की टोळीयुद्धात पांगलेली, मोडलेली माणसं स्थिर झालेल्या गावांनी राखणदार म्हणून कुसाबाहेर वसवली. आज ज्याला ‘संरक्षणाचे थर’ म्हणतात त्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात बाहेरचा थर आपल्या आजा-पणजाचं शरीर होतं, मग भिंत, मग गढी. गावाचं रक्षण आपण केलं. आपलं रक्षण करायला मात्र गावाने कुणाला नेमलं नव्हतं.

कुत्र्याचं तसंच. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवं नेमून दिली आहेत. शस्त्र क्षत्रियाला, कुत्रं आम्हाला! लातूर जिल्ह्यातलं जानवळ आज कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. कुत्रं पाळायला आमची हरकत नाही. रात्री अनोळखी पाऊल वाजलं तर ते उठवतं. पण आपल्यावर चालून येणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो त्याच गावचा असतो, त्याच्याच शेतात आपली आई खुरपायला जाते, आणि वस्तीतलं कुत्रंसुद्धा त्याला ओळखतं.

आता शस्त्राचा इतिहास. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं आहेत त्या महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९२ पासून बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ मध्ये. त्याआधी पाच वर्षं ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी विचारलं होतं की भारतात शोषितांनी बंड का केलं नाही. त्यांचं उत्तर असं की चातुर्वर्ण्याने त्यांच्याकडून शस्त्र, राजकीय बळ आणि शिक्षण ही तिन्ही साधनं काढून घेतली; युरोपातल्या दुबळ्यांकडे ती कमीअधिक होती. पोरांनो, यातलं फक्त पहिलं साधन उचलून ग्रुपवर फिरवू नका. बाबासाहेबांच्या मांडणीत तिन्ही एकत्र येतात.

एकटं शस्त्र, किंवा एकट्याचं शस्त्र जाणं, काय करतं याचा दाखला आपल्याच मातीत आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलं की लष्कराने मुस्लिम गावकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली, हिंदूंकडची बऱ्याचदा तशीच राहू दिली. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार आम्ही विसरत नाही. पण ज्याच्या हातात कधी रझाकाराची तलवार नव्हती असा शेतकरी-विणकरही त्यात मेला. निःशस्त्र एकालाच करायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, याला शांतता म्हणत नाहीत.

तीस वर्षांनी आपली पाळी आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार केलं, सुगावच्या जनार्दन मवाडेंना ठार केलं. पोचीराम मातंग होते, हे ‘नामांतर फक्त बौद्धांचं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अत्याचार विरोध समितीचा अहवाल वाचा. हल्लेखोरांचं मुख्य हत्यार बंदूक नव्हतं. ते होतं रॉकेल आणि काडी. रस्ते अडवले, मोऱ्या उखडल्या, तारा तोडल्या, म्हणजे पोलीस वेळेवर येऊ नयेत. मग घर जाळलं, धान्य जाळलं, जगण्याचं साधन नष्ट केलं. कुडाच्या भिंतीला आणि गवताच्या छपराला आग लागल्यावर आत बारा बोअर असून काय उपयोग? आणि बाहेर जमाव पाचशेचा.

स्वसंरक्षणाची भाषा तेव्हा नवी नव्हती. समता सैनिक दल महाडच्या काळापासूनचं. औरंगाबादेत जन्मलेल्या बी. श्यामसुंदर यांनी १९६८ मध्ये गुलबर्ग्यात भीमसेना काढली. निजामाच्या बाजूने त्यांनी घेतलेली भूमिका आम्हाला मान्य नाही, पण वस्तीने स्वतः उभं राहावं ही त्यांची हाक खरी होती. पँथरचं तर नावच अमेरिकेतून आलं. तिथला इतिहासही पुरता वाचला पाहिजे. नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो गावी १९५७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एका काळ्या डॉक्टरच्या घराभोवती वाळूची पोती रचून, बंदुका घेऊन क्लॅनच्या ताफ्याला पळवून लावलं. चारच वर्षांत त्याच विल्यम्सवर अपहरणाचा गुन्हा लागला आणि त्यांना क्युबाला जावं लागलं. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले तेव्हा १९६७ मध्ये कायदाच बदलला. गोऱ्यांच्या हातात बंदूक होती तोवर तो कायदा कुणाला खुपला नव्हता.

आता तुमच्या ग्रुपवरचा नियम. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. नियम ३ मध्ये राज्य सरकारने अत्याचारप्रवण क्षेत्र ओळखून काय करायचं ते लिहिलं आहे. पोरं त्यातलं कलम (५) पाठ करतात: गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. त्याच्या अगोदरचं (३) कुणी वाचत नाही. त्या क्षेत्रातल्या इतरांचे, त्यांच्या नातलगांचे आणि नोकरांचेही परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. (४) मध्ये बेकायदा शस्त्रं जप्त करण्याचं आहे, (१०) मध्ये विशेष पोलीस दल नेमण्याचं. क्रम पाहा! आधी त्याची बंदूक जमा, मग आपला परवाना. १९४८ मध्ये जे एकतर्फी झालं ते उलटवणारं हे कलम आहे, आणि आपण मागतो मात्र फक्त स्वतःची बंदूक.

परवाना मागूच नये असं आम्ही म्हणत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ नुसार पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कलम १८ खाली अपील आहे. भूमिहीनाने हे माहीत करून घ्यावं. पण परवाना मिळाला तरी निवडणुका आल्या की बंदूक बऱ्याचदा ठाण्यात जमा करावी लागते. जयंतीच्या, मोर्च्याच्या दिवसांत कलम ३७ चा आदेश निघतो, मग काठीसुद्धा गुन्हा. आणि उलट्या केसेस आपल्याला माहीत आहेत. आपण अ‍ॅट्रॉसिटी दाखल केली की दुसऱ्या दिवशी आपल्यावर दरोडा लागतो. घरात बंदूक असेल तर खुनाचा प्रयत्न लावणं त्यांना आणखी सोपं.

कायद्याने दिलेला बचावाचा हक्क तरी नीट समजून घ्या. न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं. राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्ध हा हक्क अगदी टोकापर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली, किंवा पोलिसांकडे जायला वेळ असूनही गेलो नाही, तर तो तिथेच संपतो. म्हणून पहिल्या धमकीचा तक्रार अर्ज आणि त्याची पोच घरात जपून ठेवा. कॅमेऱ्याचंही काम तेच. तो हल्ला थांबवत नाही, साक्षीदार फुटल्यावर कोर्टात उभा राहतो.

आणि वस्ती. १९४२ च्या नागपूर अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने स्वतंत्र गावांची मागणी केली होती, कारण चार घरं टोकाला असतील तोवर कुठलाच थर पुरत नाही. २०१८ मध्ये उदगीर तालुक्यातल्या रुद्रवाडीच्या मातंग कुटुंबांनी गाव सोडलं, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त कमी पडलं ते शेजारच्या वस्तीचं बळ. बौद्ध आणि मातंग एका मिरवणुकीत चालत नाहीत त्या गावात कितीही कुत्री पाळा.

नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एवढंच विचारावं: जिल्ह्यात अत्याचारप्रवण गावं कोणती ठरवली, नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द करून शस्त्रं जमा केली, आणि अनुसूचित जातीच्या किती अर्जदारांना परवाने दिले. तिन्ही आकडे गावनिहाय मागा, आणि उत्तर आलं की समितीच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा.