गोधडी
जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात. आतल्या थरांना विरलेले लुगडे, धोतर काहीही चालते. कसब दिसते ते वरच्या तुकड्यांत. सदऱ्याची न झिजलेली पाठ, परकराचा घेर, खणाची कापटे, शिंप्याकडच्या चिंध्या असे सगळे त्यासाठी जमवतात. सुती तुकड्यांत टेरिकॉट मिसळले, की धुतल्यावर सूत आटते, टेरिकॉट आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंद नावाची गोधडी विशेष लक्षणीय. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम हे या समाजाच्या पूर्वजांपैकी. कवंद शिवताना वरचा थर वेगळा जोडून घेत नाहीत. पायाच्या साडीवर कोपऱ्यापासून एकेक तुकडा ठेवायचा, कड बोटाने आत दुमडायची आणि दोरा न तोडता कडेकडेने फिरत मध्याकडे यायचे. त्यामुळे तुकडे जोडणे आणि थर सांधणे एकाच टाक्यात होते. नक्षी आधी आखलेली नसते. हाती येईल तो रंग पुढचा रंग ठरवतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडीच्या लहान तुकड्यांची ‘फुला’ बसवतात. तिच्यावाचून कवंद पुरी झाली असे सिद्दी स्त्रिया मानत नाहीत.